गादीवरचे इंटरनेट आणि माडीवरचा खेळ

व्यापारी कुटुंबाचे घर आणि दुकान बहुधा एकाच छपराखाली नांदते. कल्याणहून मुरबाड, सरळगावमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील टोकावडे घ्या, किंवा ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील दुसरे एखादे बाजाराचे गाव घ्या. पुढे दुकान आणि मागे वा माडीवर राहते घर ही रचना आपल्या परिचयाची आहे. अशा घरात इंटरनेटची जोडणी प्रथम गादीपाशी येते, कारण बिले, जीएसटीची विवरणपत्रे, यूपीआयची देवघेव आणि सीसीटीव्ही यांना तिची गरज असते. टीव्ही मात्र माडीवर असतो. शहरातील नातलगांनी दिलेला जुना गेम कन्सोल त्या टीव्हीला जोडला गेला, की मुले विचारतात, “याला नेट कसे द्यायचे?”

प्रश्न लहान आहे. पण त्याचे उत्तर देताना घरातील वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. लहरी माडीपर्यंत कशा न्यायच्या, दुकानाचा हिशेब सुरक्षित कसा ठेवायचा आणि त्या वाटेने घरात काय येऊ द्यायचे.

अडॅप्टर म्हणजे काय?

वाय-फायचे पहिले तांत्रिक मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि घरोघरी राउटर बसवण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या काळातील सर्वच कन्सोलमध्ये वाय-फायची सोय नव्हती. २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० ला पाठीमागे लावायचा वायरलेस अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागे. २०१० च्या नव्या बांधणीत तो आतच बसवण्यात आला. अडॅप्टरचे काम दुभाष्याचे आहे. राउटरच्या लहरी तो कन्सोलला समजतील अशा स्वरूपात आणतो आणि कन्सोलचे उत्तर परत लहरींवर चढवतो.

खरेदीपूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणकासाठी बाजारात मिळणारा कोणताही यूएसबी अडॅप्टर कन्सोलला चालेलच असे नाही. संगणकावर आपण त्याचे चालक सॉफ्टवेअर बसवू शकतो. कन्सोलवर ती मुभा नसते. म्हणून त्या कन्सोलसाठीच बनवलेला अडॅप्टर घ्यावा. तो मिळत नसेल, तर घरात पडून असलेला जुना राउटर उपयोगी पडू शकतो. त्यात ‘क्लायंट’ किंवा ‘ब्रिज’ पद्धतीची सोय असेल, तर तो माडीवर ठेवून खालच्या वाय-फायशी जोडावा आणि त्यातून लहानशी केबल कन्सोलच्या लॅन खाचेत लावावी. घरात वस्तू असताना नवी न आणणे हा आपल्याकडील जुना संस्कार आहे. येथे तो खर्चही वाचवतो.

सर्वांत भरवशाचा उपाय मात्र साधी लॅन केबल हाच आहे. एका सलग केबलने शंभर मीटरपर्यंत जोडणी देता येते. जिन्याच्या कडेने केबल नेणे शक्य असेल, तर अडॅप्टरची आवश्यकताच उरत नाही.

भिंती, पत्रे आणि कपाटे

जाड दगडी वा विटांच्या भिंती, पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी कपाटे हे लहरींचे मोठे अडथळे आहेत. धातू लहरी परतवतो, जाड भिंत त्या क्षीण करते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्यांचा वेग कमी असतो; ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणाऱ्या. माडीवरील कन्सोलसाठी बहुधा पहिलाच पट्टा सोयीचा ठरतो. शिवाय काही कन्सोलना दुसरा पट्टा दिसतच नाही. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ त्यांपैकीच एक.

राउटर तिजोरीमागे किंवा गल्ल्याखाली न ठेवता उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा. अडॅप्टर टीव्हीच्या मागे दडलेला नसावा. शेजारच्या दुकानांचे राउटर एकाच चॅनलवर असतील तर गोंधळ होतो, २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांतील सर्वांत मोकळा निवडावा. पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याला विजा कडाडू लागल्या, की राउटर व कन्सोल यांचे प्लग काढून ठेवणे हिताचे.

हिशेबाच्या वहीचे कुलूप

आता दुसरी, अधिक गंभीर बाब. जुने अडॅप्टर नव्या सुरक्षा पद्धती ओळखत नाहीत. राउटर केवळ २०१८ च्या डब्ल्यूपीए३ पद्धतीवर ठेवलेला असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही जुना कन्सोल जोडला जात नाही. मग कोणीतरी सुचवतो की सुरक्षा काढून टाका, किंवा जुनी डब्ल्यूईपी पद्धत लावा. हा सल्ला मुळीच ऐकू नये. डब्ल्यूईपीचे कुलूप २००१ मध्येच फोडले गेले होते. जे वाय-फाय कन्सोलसाठी उघडे टाकले, तेच दुकानाच्या संगणकासाठीही उघडे पडते. रस्त्यावर उभ्या माणसालाही त्यात शिरता येते.

योग्य मार्ग असा. राउटरच्या रचनेत ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते. तिच्याद्वारे खेळासाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड असलेले दुसरे जाळे तयार करावे, त्याला डब्ल्यूपीए२ सुरक्षा द्यावी आणि त्यातून दुकानाच्या उपकरणांकडे जाण्याची वाट बंद ठेवावी. गादीचा हिशेब आणि घरखर्चाचा हिशेब आपण एका वहीत मिसळत नाही. हाच न्याय येथे लागू पडतो. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्डही त्याच बैठकीत बदलावा आणि कन्सोलवर वडिलांचे बँक कार्ड साठवून ठेवू नये. खेळातील खरेदीला पालकांचा गुप्त अंक लावण्याची सोय बहुतेक कन्सोलमध्ये असते.

काय येऊ द्यायचे?

तिसरा प्रश्न यंत्राचा नाही, श्रावकाचाराचा आहे. आपल्या परंपरेने सांगितलेल्या सप्त व्यसनांत पहिले द्यूत आहे आणि शिकारही आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशाच्या कायद्यानेच २०२५ मध्ये बंदी आणली. त्याविषयी घरात चर्चेची गरज उरलेली नाही. पण पडद्यावरील शिकारीचे आणि गोळीबाराचे काय? “कोणी मरत नाही, ते चित्र आहे,” असे मुले म्हणतात. त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यावर आपल्या आचार्यांनी शतकांपूर्वी विचार केला आहे.

सोमदेवसूरींनी शक ८८१, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ चंपूत राजा यशोधराची कथा आहे. जिवंत प्राण्याचा बळी देण्यास राजा नकार देतो. परंतु मातेच्या आग्रहाखातर पिठाच्या कोंबड्याचा बळी देण्यास राजी होतो. एकही जीव मेलेला नसताना त्या दोघांना त्या कृत्याचे फळ पशुयोनीतील अनेक जन्मांत भोगावे लागते. द्रव्यहिंसा घडली नाही, तरी मारण्याचा भाव मनात जागा झाला, हा कथेचा आशय. भावहिंसेचा हा विचार मुलांना धाक म्हणून सांगू नये. ती कथा त्यांना पूर्ण सांगावी आणि पिठाचा कोंबडा व पडद्यावरचा शत्रू यांत साम्य कोठे आहे, फरक कोठे आहे, हे त्यांनाच बोलू द्यावे. मुले कदाचित फरकच अधिक दाखवतील. तरीही क्रिकेट, मोटारशर्यत, बुद्धिबळ, कोडी असे खेळ भरपूर उपलब्ध आहेत आणि निवड घरातील सर्वांनी मिळून केली, की ती टिकते.

वेळेचेही तसेच आहे. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क ठरावीक वेळीच चालू राहील अशी योजना करण्याची सोय असल्यास ती वापरावी. एका सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा, दोन घटकांचा असतो. खेळालाही तेवढीच मर्यादा घातली, तर मुलांना तिचे माप ओळखीचे वाटेल. मात्र जेवणाच्या पाटावर मोठ्यांचा मोबाइल चालू असेल, तर हा नियम चार दिवसही टिकणार नाही. पर्युषणाच्या काळात खालचा व वरचा, दोन्ही पडदे किती वेळ उघडे राहतील, हे मोठ्यांनी मुलांसह एकत्र बसून ठरवावे आणि ते ज्याने त्याने पाळावे.