जाम झालेलं इंजिन अंगणात खोलताना

आमच्या आरे-वारेला समोर समुद्र, वाऱ्यात मीठ आणि वर चार महिने पाऊस. दोन-तीन पावसाळे अंगणात उभी राहिलेली जुनी टाटा ४०७ स्टार्टर मारला की नुसती ‘टक्’ करते. मग ‘इंजिन गेलं, भंगारात द्या’ असं कुणीतरी म्हणतंच. पण गाडी विकायची की ठेवायची, हे ठरवण्याआधी आत काय झालंय ते आपण बघून घ्यावं.

गाडी बंद असताना एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. सायलेन्सरच्या वाटेने दमट हवा आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला चिकटतात. असं इंजिन पुष्कळदा सुटतं. चालता चालता तापून किंवा ऑईल संपून जाम झालं असेल, तर बेअरिंग आणि क्रँक खराब झाल्याची शक्यता जास्त.

आधी बॅटरीची वायर काढायची, चाकांना दगड लावायचे, गाडी न्यूट्रलला ठेवायची. पंख्याचा पट्टा काढून बघायचा. कधी वॉटर पंपच अडकलेला असतो. ऑईल काढलं आणि ते दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय.

क्रँक फिरवण्याआधी नोझल काढायचेच. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी दबत नाही. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझलच्या भोकातून गंज सोडवणारं तेल घालायचं आणि चार-पाच दिवस थांबायचं. मग क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे करायचं. दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करायला जाऊ नये.

तरी हललं नाही, तर हेड खोलायचं. बोल्ट दोन्ही टोकांकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करायचे, नाहीतर हेड वाकतं. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचायचे. बेअरिंगच्या कॅपवर नंबर घालायचे. एकीची जागा दुसरीला चालत नाही. पिस्टन ठोकताना लाकडी ठोकळाच वापरायचा.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली भक्कम ठोकळे हवेतच. इंजिन उतरवायचं तर चेन पुली लावायची आणि लोंबत्या इंजिनाखाली हातही घालायचा नाही. भाग डिझेलने धुवायचे, पेट्रोलने नाही. चूल आणि विडी लांब.

शेवटी लायनर पुसून त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडकलं नाही, तर बहुधा नव्या रिंगांवर भागेल. खड्डे लागले तर लायनर बदलावे लागतील. क्रँकवर ओरखडे असतील तर तो ग्राइंडिंगला द्यावा लागेल. हे सगळं सिलिंडरच्या नंबरासकट वहीत लिहा आणि ती वही घेऊनच गॅरेजात जा. मेकॅनिकने खर्च सांगितला की कशाचे किती, ते आपल्याला विचारता येतं.