स्थौल्यचिकित्सेत अ‍ॅक्युपंक्चरचे स्थान

स्थौल्याचा रुग्ण पथ्य सोडतो, ते बहुधा पहिल्या तीन-चार आठवड्यांत. जवाची भाकरी, मुगाचे कढण, त्रिफळा, रूक्ष उद्वर्तन अशी सारी योजना कागदावर निर्दोष असते; परंतु सायंकाळी उठणाऱ्या भुकेपुढे तिचा निभाव लागत नाही. ‘सुया टोचून वजन उतरते म्हणतात, ते खरे का?’ असे विचारणारे रुग्ण आमच्याकडे येतात, तसे वाचक वैद्यांकडेही येत असतील. त्यांना काय उत्तर द्यावे, याचा विचार येथे करीत आहोत.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अतिक्षुधा आणि अतिपिपासा यांचा समावेश आहे. मेदाने स्रोतसे अवरुद्ध झाल्यामुळे वायू कोष्ठातच अधिक संचार करतो, अग्नीला चेतवतो, आहार शीघ्र पचतो आणि रुग्ण पुन्हा अन्न मागतो. म्हणूनच गुरु असूनही अपतर्पण करणाऱ्या द्रव्यांची योजना तेथे इष्ट मानली आहे. आमच्या मते सुईचे स्थान असलेच, तर ते या दुष्टचक्रातील क्षुधेच्या कडीपाशी आहे. सुईने मेद वितळत नाही. तसे सांगणाऱ्या जाहिराती रुग्णाची फसवणूक करतात.

चिनी वैद्यकात स्थूल रुग्णांचे जे प्रकार मानतात, त्यांतील दोन आपणांस ओळखीचे वाटतील. एकात प्लीहेचे बल क्षीण होऊन श्लेष्मा व आर्द्रता साचते. अंग जड, जिव्हा लिप्त, भूक बेताची. दुसऱ्यात आमाशयाची उष्णता वाढते. भूक अनावर, तहान फार, मलावष्टंभ. पहिल्यात गुडघा व घोटा यांच्या मध्यावर, पायाच्या बाहेरील अंगास असलेला फेंगलुंग हा बिंदू घेतात; दुसऱ्यात पायाच्या दुसऱ्या व तिसऱ्या बोटांच्या बेचक्यातील नैतिंग. दोहोंतही झूसानली हा बिंदू बहुधा असतोच. तो गुडघ्याच्या वाटीखाली रुग्णाच्या स्वतःच्या चार अंगुळांवर, नडगीच्या कडेपासून एक अंगुळ बाहेर सापडतो. उदरावर नाभीच्या दोन्ही बाजूंचे थ्येनशू आणि नाभी व उरोस्थीचे अग्र यांच्या मध्यावरील चुंगवान हे बिंदू घेतले जातात. सुई वीस ते तीस मिनिटे ठेवतात. योग्य जागी गेल्यास रुग्णाला जडपणा किंवा झिणझिण्या जाणवतात.

(हे साम्य पाहून ‘सूचीवेध मूळचा आमचाच’ असे म्हणण्याचा मोह होतो. सुश्रुतोक्त सिरावेधाचा हेतू रक्तमोक्षण हा आहे, तेव्हा तो मोह आवरावा.)

क्षुधेसाठी मात्र कानाचा उपयोग विशेष केला जातो. फ्रान्समधील लियाँचे डॉ. पॉल नोजिए यांनी १९५०च्या दशकात कानावर सर्व शरीराचा नकाशा मांडला. त्यात आमाशयाचा बिंदू कानाच्या आतील वाटीसारख्या खोलगट भागात येतो, आणि याच भागाला व्हेगस चेतातंतूची शाखा पोहोचते. क्षुधाशमनाची एक संभाव्य उपपत्ती म्हणून याकडे पाहिले जाते. तेथे बारीक बी चिकटपट्टीने लावून भोजनापूर्वी रुग्णाने ते स्वतः दाबावे, ही रीत सोपी आहे आणि तीत त्वचाभेद होत नाही.

आता परिणामाविषयी. कोरियन संशोधकांनी २००९ मध्ये ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत ३,०१३ व्यक्ती होत्या. केवळ आहार-विहार सुधारणाऱ्यांच्या तुलनेत सूचिकाचिकित्सेने सरासरी १.७२ किलो, तर लटक्या सुयांच्या तुलनेत १.५६ किलो वजन अधिक घटले. अनेक चाचण्यांची प्रत सामान्य होती, हेही त्यांनीच नोंदवले आहे. म्हणजे लाभ दीड-दोन किलोंचा, आणि तोही पूर्णपणे निःशंक नाही. ‘महिन्यात दहा किलो’ म्हणणाऱ्यापुढे रुग्णाने हा आकडा ठेवावा.

एक प्रसंग सांगणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण त्यात चूक आमची होती. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या एका स्थूल रुग्णेस आम्ही कानावर बी लावून दिले. भूक खरोखरच उणावली, आहार निम्म्यावर आला, आणि सहाव्या दिवशी ती स्वयंपाकघरात घाम येऊन कोसळली. रक्तशर्करा अतिशय उतरली होती. गोळ्यांच्या मात्रेविषयी तिच्या डॉक्टरांशी आम्ही बोललोच नव्हतो. तोंडात साखर घालणारी सून त्या वेळी घरात होती, म्हणून निभावले. तेव्हापासून इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णावर, त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याविना आम्ही हा उपाय करीत नाही.

अन्य सावधगिरी थोडक्यात. गर्भिणीस वजन घटवण्यासाठी सुई लावूच नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास पूर्ण विचार करावा. पेसमेकर असल्यास सुयांना विद्युत्प्रवाह जोडू नये. सुई निर्जंतुक व एकदाच वापरण्याची असावी. कानात दिवसेंदिवस ठेवण्याच्या लहान सुया मधुमेहींत टाळाव्यात. कूर्चेत पूय झाल्यास कानाचा आकार कायमचा बिघडतो. थायरॉईडची तपासणी आधीच करून घ्यावी.

महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र अधिनियम आहे. रीतसर शिक्षण व नोंदणी नसलेल्या वैद्याने स्वतः सुई हाती न धरता रुग्णास नोंदणीकृत चिकित्सकाकडे पाठवावे, आहार व औषधयोजना मात्र आपल्याकडे ठेवावी.

आम्ही हा उपाय सहा ते आठ आठवडेच योजतो, कारण पथ्य अंगवळणी पडण्यास साधारण तेवढा काळ लागतो. दर पंधरवड्यास वजनाबरोबर कंबरेचा घेर मोजतो. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतो. चार आठवड्यांत भुकेत काहीच फरक नसल्यास सुया थांबवतो आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगतो.