गटारीचा गाळ, औषधांचे अंश आणि बुरशी



मलकापूर भागातले काही सभासद आमच्या शेतकी खात्याकडे विचारणा करतात, "शहराच्या गटारीचा गाळ उसाला टाकला तर चालेल काय?" सोनखताची ताकद आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. पण त्या काळच्या मैल्यात औषधे नव्हती, आज आहेत.

टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके आपण घेतो. अशीच औषधे जनावरांनाही देतो. त्यांचा बराचसा भाग अंगात न जिरता बाहेर पडतो आणि गाळाला चिकटून बसतो. त्याने ऊस मरत नाही. मात्र जंतू या थोड्याथोड्या औषधाला सरावतात आणि ही सवय एकमेकांना देतात. मग लेकरू आजारी पडले की तेच औषध लागू पडत नाही. खरा धोका हा आहे.

यावर बुरशीचा उपाय शोधला जात आहे. गंमत अशी, की पेनिसिलीन बुरशीनेच दिले. पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यातही ते बुरशीपासूनच तयार होई. आता लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी औषध फोडायच्या कामी येते. लाकूड पचवण्यासाठी ती जे रस बाहेर सोडते, ते औषधाचे रेणूही तोडतात. आपली धिंगरी अळंबी याच गटातली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्रॅमेटिस व्हर्सिकलर या बुरशीने सात दिवसांत ९० टक्क्यांहून अधिक सिप्रोफ्लॉक्सासिन नाहीसे केले. गव्हाच्या काडावर ही बुरशी वाढवून ती गाळात मिसळण्याचेही प्रयोग झाले आहेत. आपल्याकडच्या बगॅसवरही अशा बुरशी पोसतात.

पण प्रयोगशाळा वेगळी अन् उकिरडा वेगळा. गाळातले मूळचे जंतू बुरशीला दाबतात. सगळीच औषधे ती फोडत नाही, आणि शिसे, कॅडमियम तर गाळात तसेच राहतात. तेव्हा अळंबीचे बियाणे आणून घरी हा उद्योग करू नये. गाळावर उगवलेली अळंबी तर मुळीच खाऊ नये.

तूर्त एवढे करावे:

१) कच्चा गाळ शेतात टाकू नये. तपासणी झाल्याशिवाय ट्रॉली उतरवून घेऊ नये.
२) शेणखत व प्रेसमड नीट कुजवूनच वापरावे.
३) उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नयेत.
४) पशुवैद्याला विचारल्यावाचून जनावराला प्रतिजैविकाची सुई देऊ नये.

शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात जरूर विचारावे.