'डिजिटल नेटिव्ह' हे रूपक आणि दिल्लीतील मराठी मुले

मार्क प्रेन्स्की या अमेरिकी शिक्षणलेखकाने 2001 साली 'डिजिटल नेटिव्ह' आणि 'डिजिटल इमिग्रंट' ही संज्ञांची जोडी रूढ केली. संगणक, व्हिडिओ गेम आणि महाजाल यांच्या सहवासात वाढलेली मुले ही या नव्या भाषेची जन्मजात भाषक होत. त्यांचे शिक्षक मात्र या मुलखात उशिरा आलेले स्थलांतरित असून कितीही शिकले तरी त्यांच्या बोलण्यातील परका हेल जात नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. या मांडणीमागील पुरावा तोकडा असल्याचे सू बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवून दिले. खुद्द प्रेन्स्कीही 2009 मध्ये 'डिजिटल शहाणपण' या कल्पनेकडे वळला. रूपक मात्र टिकून राहिले. ते भाषेच्या क्षेत्रातून उचललेले असल्यामुळे त्याची परीक्षा भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे.

मराठीला 'नेटिव्ह' हा शब्द नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' कार्यरत होती. तिच्या नावातील 'नेटिव्ह' म्हणजे ज्याला अजून शिकवायचे आहे असा एतद्देशीय. प्रेन्स्कीच्या लेखात हा अर्थ नेमका उलटा होतो. तेथील 'नेटिव्ह' आधीच जाणता आहे आणि अडाणी ठरतो तो बाहेरून आलेला शिक्षक. दोन्ही वापरांत समान आहे ती ज्ञान वा अज्ञान जन्माशी बांधून टाकण्याची रीत. अर्थात याच सोसायटीत काम करणारे बाळशास्त्री जांभेकर पाठ्यपुस्तके लिहीत होते, तेव्हा ही विभागणी पहिल्या खेपेलाही नीट बसली नव्हती, हे जाता जाता नोंदवावे.

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची वसाहत. जिच्या नावाने ती ओळखली जाते ती राणीदेखील काशीत जन्मलेली आणि झाशीत राज्य केलेली मराठी स्त्री होती. नोकरीच्या निमित्ताने अशा वसाहतींत येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांकडे पाहिले म्हणजे 'जन्मजात भाषक' या कल्पनेतील फट लगेच ध्यानात येते. मूल घरी मराठी अस्खलित बोलते. शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकते, तिसरी भाषा म्हणून बहुधा संस्कृत घेते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विषयसूचीत मराठी आहे. परंतु ती शिकवणारा शिक्षक जवळच्या शाळेत असेलच असे नाही. भ्रमणध्वनी तर त्याच्या हाती अगदी लहानपणापासून आहे. म्हणजे प्रेन्स्कीच्या कसोटीने ते यंत्राचेही 'नेटिव्ह' आणि जन्माच्या कसोटीने मराठीचेही. तरीही या दोन मालकींची बेरीज करून भ्रमणध्वनीवर मराठीचे एक शुद्ध वाक्य लिहिता येत नाही. रोमन लिपीत के, ए, एल ही तीन अक्षरे टंकली की त्यांतून कल, कळ, काल, काळ यांपैकी कोणताही शब्द निघू शकतो. हिंदीसाठी बेतलेला कळफलक 'कल' पुढे करतो; हिंदीत तो गेलेला दिवसही दाखवतो आणि येणाराही. पोटातली कळ आणि गेलेला काळ यांना त्या यादीत जागाच नसते. 'ळ' हे अक्षर मुलाच्या कानाला परिचित आहे, पण त्याच्या हिंदी बाराखडीत ते नव्हते. ते दाखवून द्यायला कोणीतरी लागते.

याच दक्षिण दिल्लीत, कालकाजी येथे, 26 जानेवारी 1999 रोजी सुगत मित्र यांनी एनआयआयटीच्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून त्यात शेजारच्या झोपडवस्तीकडे तोंड केलेला संगणक बसवला. शिक्षक नाही, सूचना नाहीत. मुले आपली आपण तो चालवू लागली. या प्रयोगाचा उल्लेख सामान्यतः स्वयंशिक्षणाचा पुरावा म्हणून होतो. तौलनिक अभ्यासकाचे लक्ष मात्र एका बारीक तपशिलाकडे जावे. पडद्यावर हलणाऱ्या बाणाला ही मुले 'सुई' म्हणत आणि थांबण्याची खूण असलेल्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. ज्यांना संगणकाच्या भाषेचे जन्मजात भाषक म्हणावे, ती मुले प्रत्यक्षात भाषांतर करीत होती. परक्या चिन्हाला त्यांनी आपल्या घरातले आणि जत्रेतले नाव दिले. भाषांतराची गरज परक्या मुलखात आलेल्याला पडते, तेथेच जन्मलेल्याला नव्हे. दिल्ली सरकारने 2000 साली याच धर्तीवर सुरू केलेल्या एका केंद्राचे वर्णन मार्क वॉर्शोअर यांनी केले आहे. मुलांना येत होती ती हिंदी, आणि हिंदीतील मजकूर त्या यंत्रावर नव्हता. मुलांचा बहुतेक वेळ खेळण्यात आणि चित्रे रंगवण्यात जाई. पुढे 2009 मध्ये खुद्द मित्र यांनीच ब्रिटनमधील स्वयंसेवकांना, ज्यांत निवृत्त शिक्षिका बऱ्याच होत्या, स्काइपवरून भारतातील मुलांशी जोडून दिले. त्या मुलांशी बोलत, गोष्टी वाचून दाखवत. या उपक्रमाला नाव पडले 'ग्रॅनी क्लाउड'. शिक्षकाविना चाललेल्या प्रयोगात दहा वर्षांनी आजी आली, हा तपशील प्रयोगाच्या कीर्तीबरोबर फारसा फिरत नाही.

यंत्र चालवणे आणि वाचणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे 'असर' 2023 या पाहणीतून दिसते. ग्रामीण भागातील 14 ते 18 वयोगटाच्या या पाहणीत सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरता येत होता. त्याच वयोगटातील सुमारे 25 टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सहजतेने वाचता येत नव्हता. पाहणी ग्रामीण असल्याने तिचे आकडे दिल्लीच्या सरकारी वसाहतीला लावता येणार नाहीत. वसाहतीतील मूल उत्तम वाचते, फक्त मराठीत नाही.

लक्ष्मीबाई नगरसारख्या वसाहतीतून गावच्या आजीकडे जाणारा निरोप या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. आजी बालबोध वाचते. रोमन लिपीतील मराठी तिला अडखळत लावावी लागते. नातू रोमन टंकतो. आजीचे जुने पत्र हाती आले तर त्यातील जोडाक्षरांच्या वळणांवर तो थबकतो. प्रेन्स्कीच्या कोष्टकात आजी स्थलांतरित आणि नातू मूळ रहिवासी. प्रत्यक्षात दोघेही एकमेकांच्या लिपीत परके आहेत, आणि त्यावर अशा घरांत सहज निघणारा तोडगा म्हणजे ध्वनिसंदेश. नातू बटण दाबून बोलतो, आजी कानाला लावून ऐकते. बोललेली मराठी शाबूत राहते, आणि 'ळ' कसा लिहायचा हे विचारण्याचा प्रसंगच येत नाही.