डबी नंतर उघडा, आधी नदी बघा!

ऑक्टोबरमध्ये हिमाचलचा प्लॅन शिजतोय? मग यंदा कसोल-मनालीची गर्दी सोडा आणि कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात जाऊन बघा. ब्रिटिशांनी युरोपातून आणलेला ब्राउन ट्राउट या नदीत चांगलाच रुळलाय. पावसाळा संपला की पाणी उतरतं, काचेसारखं नितळ होतं. अशा पाण्यात ट्राउट पकडायचा सगळ्यात भारी प्रकार म्हणजे ड्राय फ्लाय.

ड्राय फ्लाय म्हणजे गळाच्या हुकवर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तो बुडत नाही, तरंगतो. मासा वर येऊन तो गिळताना तुम्हाला डोळ्यांनी दिसतो. सगळी मजा तिथेच आहे!

पण घोळही इथेच होतो. डबीत तीस-चाळीस फ्लाय असतात आणि नवखा माणूस त्यातली सगळ्यात रंगीत उचलतो. मासा ढुंकूनही बघत नाही. त्याला हवं असतं ते त्या घडीला पाण्यावर असलेलं खाणं.

दहा मिनिटं नुसतं बसा

काठावर बसा, मोबाइल खिशात ठेवा. पाण्यावरचे किडे बघा. पंख शिडासारखे उभे असतील तर ती मेफ्लाय. ढगाळ दिवशी या बारीक, करड्या-हिरवट माश्या जास्त दिसतात. मग ‘ॲडम्स’ बांधा. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तयार झालेली ही करडी फ्लाय कुठल्या एकाच किड्याची नक्कल नाही, म्हणूनच ती बऱ्याच ठिकाणी चालते. पंख कौलारू छपरासारखे पाठीवर मिटलेले असतील तर तो कॅडिस. तो संध्याकाळी जास्त उडतो. त्याच्यासाठी ‘एल्क हेअर कॅडिस’.

आणि पाण्यावर काहीच नसेल तर? मागच्या गवतात बघा. दुपारच्या उन्हात, वाऱ्याच्या झोतासोबत नाकतोडे आणि मुंग्या पाण्यात पडतात. अशा वेळी काठालगत नाकतोड्याची किंवा मुंगीची फ्लाय टाका.

रंगापेक्षा साइज

हुकच्या नंबरचं गणित उलटं असतं. नंबर मोठा, तर हुक लहान. नाकतोड्याला १० किंवा १२ चालतो. शरद ऋतूतल्या मेफ्लाय मात्र बारीक, म्हणून १८ किंवा २०. रंग उन्नीस-बीस चालून जाईल, साइज चुकली तर नाही. दोरीचं शेवटचं टोकही बारीकच हवं, नितळ पाण्यात जाड दोरा लगेच दिसतो.

आता सगळं बरोबर बांधलं, तरी दोरी प्रवाहात ओढली गेली की फ्लाय पाण्यावर घसरते. खरा किडा असा घसरत नाही. मासा पळालाच समजा! ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या मागून जा. फ्लाय त्याच्या थोडी वर टाका आणि पाण्याबरोबर येऊ द्या.

थांबायचं कधी?

हे सगळ्यात महत्त्वाचं. हिवाळ्याच्या तोंडावर ब्राउन ट्राउट उथळ पाण्यातल्या बारीक गोट्यांत अंडी घालतो. म्हणून हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. दिवाळी नोव्हेंबरमध्ये असेल तर रॉड घरीच ठेवा. एरवीही मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. हुकचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, मासा ओल्या हातांनी धरा आणि पाण्यात सोडून द्या. ऑक्टोबरमध्ये हाती आलेल्या मादीच्या पोटात अंडी असू शकतात. तिला सोडलंत, तर पुढच्या बॅचलाही तीर्थनमध्ये मासा दिसेल.

आणि एकही नाही मिळाला तर? नदीकाठी दहा मिनिटं शांत बसलात ना! सबमिशनच्या सीझनमध्ये तेही कुठे मिळतं?