मोटारींचें नाटक आणि त्यांतलें खरें

माझा पुतण्या दहा वर्षांचा आहे. दूरचित्रवाणीपुढें बसला म्हणजे दर पांच मिनिटांनीं त्याचा एकच प्रश्न असतो : “काका, हें खरें का?” गेल्या महिन्यांत आम्हीं दोघांनीं ‘टॉप गीअर’ या ब्रिटिश कार्यक्रमाचे जुने प्रयोग ओळीनें पाहिले. त्या दिवसांत या प्रश्नानें त्यानें मला इतकें भंडावून सोडलें कीं, आजच्या भाषणाचा विषय त्यानेंच मला नेमून दिला असें म्हणण्यास हरकत नाहीं. जी गोष्ट डोळ्यांनीं पहावयाची ती कानांनीं ऐकविण्याचें धाडस मी करीत आहें. तेव्हां चित्रें ज्याचीं त्यानें आपल्या मनांत काढून घ्यावीं, एवढी श्रोत्यांना विनंति आहे.

कार्यक्रमाची कुळकथा थोडक्यांत सांगतों. १९७७ सालीं बर्मिंगहॅम येथील बी.बी.सी.च्या केंद्रांतून तो सुरू झाला, तेव्हां त्याचें स्वरूप मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला चार उपयुक्त गोष्टी सांगणाऱ्या मासिकासारखें होतें. २००१ मध्यें तो बंद पडला आणि पुढच्याच वर्षीं जेरेमी क्लार्कसन व निर्माता अँडी विल्मन यांनीं त्याला नवा जन्म दिला. सरे परगण्यांतील डन्सफोल्ड येथील जुन्या विमानतळाच्या धांवपट्टीवर मोटारींची परीक्षा व्हावयाची, आणि विमानें ठेवण्याच्या प्रचंड छपरींत प्रेक्षकांना भोंवतीं उभें करून बाकीचा खेळ रंगावयाचा. क्लार्कसनच्या जोडीला रिचर्ड हॅमंड होता. २००३ मध्यें जेम्स मे हाहि येऊन मिळाला. पहिला उंच, मोठ्या आवाजाचा आणि वेगाचा भक्त. दुसरा ठेंगणा व उतावळा. तिसरा इतका सावकाश कीं सोबत्यांनीं त्याचें नांवच ‘कॅप्टन स्लो’ ठेविलें. आपल्या संस्कृत नाटकांत एक विदूषक पुरतो. येथें तिघेहि विदूषक, आणि नायकाची जागा मोटारीकडे!

स्मरणांत राहिलेल्या प्रयोगांत माझ्या मतें पहिला मान नोव्हेंबर २००३ मधील टोयोटा हायलक्सचा आहे. ही कांहीं मिरविण्याची गाडी नव्हे. पुढें बसण्यापुरती जागा आणि मागें सामानासाठीं उघडा हौदा, अशी ती शेतकऱ्याच्या उपयोगाची गाडी. १९८८ सालची, १,९०,००० मैल चाललेली आणि १,००० पौंडांना विकत घेतलेली. हिला ठार मारतां येतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता. अट अशी कीं, कारागिरांनीं साध्या हत्यारांनीं ती दुरुस्त करावी, नवे सुटे भाग घालूं नयेत. क्लार्कसननें ती ब्रिस्टल शहरांतील पायऱ्यांवरून खालीं उतरविली, झाडावर आदळली, आणि मग बर्नहॅम येथील समुद्रकांठीं दोरानें बांधून भरतीची वाट पाहिली. ब्रिस्टलच्या आखातांत भरती-ओहोटीचें अंतर जगांतील अत्यंत मोठ्या अंतरांपैकीं एक आहे. दोर तुटला, गाडी वाहून गेली आणि ओहोटीनंतर चिखलांत रुतलेली सांपडली. कारागिरांनीं तिच्यांतील पाणी काढलें, भाग पुसले, आणि ती सुरू झाली. पुढें तिच्यावर उंचावरून एक फिरतें घर सोडण्यांत आलें, इमारती पाडण्याच्या लोखंडी गोळ्याचे तडाखे तिला देण्यांत आले, तिला आग लावण्यांत आली. शेवटीं २४० फूट उंचीच्या एका इमारतीच्या गच्चीवर ती ठेवून ती इमारतच सुरुंगानें पाडली. ढिगाऱ्यांतून निघालेला तो वांकडातिकडा सांगाडा पुन्हां एकदां धुराचा लोट सोडून चालूं लागला.

“हें खरें का?” पुतण्यानें अर्थातच विचारलें. मीं त्याला त्यामागचें कारण सांगितलें, कारण ज्या गोष्टीचें कारण समजतें ती खोटी वाटत नाहीं. डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें विजेची ठिणगी लागत नाहीं. नळकांड्यांत हवा अतिशय दाबली कीं ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत फवारलेलें तेल आपोआप पेटतें. त्या काळच्या अशा इंजिनांत तेल फवारण्याचें कामहि यंत्रच करीत असे. विजेच्या नाजूक तारांचा संबंध फार थोडा. समुद्राचें पाणी शिरलें तें इंजिन बंद असतांना. चालत्या इंजिनांत तें शिरतें तर आंतले दांडे वांकून सारा खेळ संपला असता, कारण हवा दाबतां येते, पाणी दाबतां येत नाहीं. शिवाय या गाडीची शिडीसारखी पोलादी चौकट वेगळी आणि वरचें अंग वेगळें असतें. वरचें अंग चेपलें तरी चौकट, इंजिन आणि चाकें आपल्या जागीं राहतात. म्हणजे येथें चमत्कार कांहीं नव्हता, साध्या रचनेचा गुण होता. आणि मिरविणाऱ्या गाडीची शेंकडों वेळां केलेली स्तुति जें पटवूं शकली नसती तें या छळानें पटविलें. ती गाडी पुढें ब्यूली येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयांत, न धुतां, तशीच ठेवण्यांत आली.

शर्यतींचे प्रयोग निराळ्या जातीचे. त्यांतली २००५ सालच्या डिसेंबरांतील शर्यत मला सर्वांत आवडते. उत्तर इटलींतील आल्बा गांवीं ट्रफल नांवाची, जमिनीखालीं वाढणारी, अतिशय महाग व सुवासिक अळंबी मिळते. ती लंडनच्या एका उपाहारगृहांत आधीं कोण पोंचवितो, अशी पैज. क्लार्कसन बुगाटी व्हेरॉन या सोळा नळकांड्यांच्या, १,००१ अश्वशक्तीच्या आणि ताशीं २५० मैलांहून अधिक वेगानें धांवणाऱ्या गाडींत. मे आणि हॅमंड चार माणसांच्या लहानशा सेस्ना विमानांत. मे स्वतः वैमानिक. मोटार जिंकली, पण कशामुळें? फ्रान्सच्या हमरस्त्यावर ताशीं १३० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथें हजार अश्वांपैकीं बहुतेक अश्व तबेल्यांत झोंपलेलेच असावयाचे. खरें कारण असें कीं, मेला रात्रीं विमान चालविण्याची परवानगी नव्हती. हिंवाळ्याचा दिवस लहान. सूर्य मावळूं लागला तसें लील येथें विमान उतरवून दोघांना आगगाडी पकडावी लागली. वेग कितीहि असो, शर्यतीचा निकाल बहुधा दारापासून धांवपट्टीपर्यंतच्या, फलाटापर्यंतच्या आणि सूर्यास्तापर्यंतच्या हिशेबांत लागतो. अशा कार्यक्रमांत गाडी समोरून येतांनाचीं, बाजूनें जातांनाचीं कित्येक दृश्यें मागाहून घेतलेलीं असतात हें मीं पुतण्याला सांगितलें. त्यानें त्याबद्दल तक्रार केली नाहीं. नाटकांतला राजा खरा राजा नसतो, एवढें दहाव्या वर्षींहि कळतें.

तक्रार त्यानें दुसऱ्या ठिकाणीं केली, आणि ती मला योग्य वाटली. २००८ सालच्या डिसेंबरांत टेस्ला कंपनीच्या रोडस्टर या विजेवर चालणाऱ्या गाडीची परीक्षा झाली. धांवपट्टीवर जोरानें हांकली तर एका भरणींत ती ५५ मैलच चालेल असें सांगून, ती बंद पडलेली गाडी माणसें ढकलीत छपरींत नेत आहेत असें दृश्य दाखविलें. वस्तुतः गाडींतली वीज संपलेली नव्हती. कंपनीनें २०११ मध्यें बी.बी.सी.वर दावा लावला आणि ती हरली. २०१३ मध्यें अपीलहि फेटाळलें गेलें. परीक्षेच्या मार्गावर बेफाम हांकलेल्या गाडीची चाल व नेहमींच्या रस्त्यावरील चाल कोणीहि सुज्ञ मनुष्य एक समजणार नाहीं, असें न्यायाधीशांचें म्हणणें पडलें. कायदा त्यानें संतुष्ट झाला असेल. पुतण्याचें म्हणणें एवढेंच : “मग ढकलली कशाला?” मला उत्तर देतां आलें नाहीं. आंकडा शब्दांत सांगितला तर श्रोता तो तोलून पाहतो. डोळ्यांनीं पाहिलेलें मात्र मनुष्य तोलीत बसत नाहीं. हायलक्सच्या छळांत जी विश्वासाची शिल्लक सांठली होती, ती या एका ढकलण्यांत पुष्कळशी खर्ची पडली असें मला वाटतें.

नाटकाचा पडदाच फाटावा असा प्रसंगहि एकदां आला. २० सप्टेंबर २००६ रोजीं यॉर्कजवळील एल्व्हिंग्टनच्या धांवपट्टीवर हॅमंड ‘व्हँपायर’ नांवाची, विमानासारख्या झोताच्या इंजिनावर धांवणारी गाडी चालवीत होता. वेग ताशीं २८८ मैल असतांना पुढचें उजवें चाक फुटलें. गाडी उलटली, मातींत घुसली, आणि मेंदूला इजा होऊन तो बेशुद्ध झाला. तो वांचला, आणि जानेवारी २००७ मध्यें कार्यक्रमांत परत आला; त्या दिवशीं अपघाताचें दृश्यहि दाखविलें गेलें. तें पाहतांना आमच्या घरीं कोणी हंसलें नाहीं. पुतण्यानेंहि कांहीं विचारलें नाहीं. नंतर त्याच वर्षीं बोट्स्वाना देशांतील मक्गाडिक्गाडीच्या मिठागरांवरून हे तिघे जुन्या गाड्या घेऊन गेले. वरून कठीण दिसणाऱ्या त्या मिठाच्या पापुद्र्याखालीं चिखल असतो, म्हणून क्लार्कसन व मे यांनीं आपापल्या गाड्यांचीं दारेंबिरें काढून त्या हलक्या केल्या. हॅमंडनें मात्र आपल्या १९६३ सालच्या ओपेल कडेटला हात लावूं दिला नाहीं. तिला त्यानें ‘ऑलिव्हर’ असें नांव ठेविलें होतें आणि ती नदींत बुडाल्यावरहि दुरुस्त करून शेवटीं इंग्लंडला घरीं नेली. मोटारीवर असा जीव जडणें आपल्याकडे बैलगाडीच्या बैलापुरतेंच ऐकलें होतें.

पुढचा इतिहास मी झपाट्यानें सांगतों, कारण तो फारसा सुखाचा नाहीं. २०१४ मध्यें आर्जेंटिनांत एका गाडीच्या क्रमांकांतून फॉकलंडच्या युद्धाची कुचेष्टा होत असल्याचा आरोप झाला आणि मंडळींना गाड्या टाकून देशांतून पळावें लागलें. हा निव्वळ योगायोग होता असें बी.बी.सी.चें म्हणणें. मार्च २०१५ मध्यें एका निर्मात्यावर हात उगारल्यामुळें क्लार्कसनचा करार पुढें चालविला गेला नाहीं, आणि इतर दोघेहि गेले. नवे सूत्रधार आले. त्यांपैकीं अँड्र्यू फ्लिंटॉफ, आपल्या क्रिकेटप्रेमी घरांतून ज्याचें नांव ठाऊक आहे तोच, डिसेंबर २०२२ मध्यें चित्रण चालूं असतां जबर जखमी झाला. नोव्हेंबर २०२३ मध्यें बी.बी.सी.नें हा कार्यक्रम थांबवीत असल्याचें जाहीर केलें.

एक प्रयोग मीं क्रम मोडून अखेरीस राखून ठेविला आहे, कारण तो आपल्या दाराशीं घडला. २८ डिसेंबर २०११ रोजीं दाखविलेल्या भारताच्या प्रयोगांत हे तिघे जॅग्वार, रोल्स-रॉईस आणि मिनी अशा तीन जुन्या ब्रिटिश गाड्या घेऊन मुंबईहून हिमालयाकडे निघाले. ब्रिटिश मालाला गिऱ्हाईक मिळवावें हा देखाव्यापुरता उद्देश. मुंबईंत त्यांनीं ठरविलें कीं, डबेवाले आगगाडीनें डबे नेतात, तें काम मोटारीनें अधिक लवकर होईल. श्रोत्यांपैकीं मुंबईकरांना पुढचें सांगावयास नकोच. डबेवाले जिंकले.

तें कां, हें मात्र सांगण्यासारखें आहे. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या धंद्यांत तेव्हां सुमारें ५,००० माणसें होतीं, बहुतेक मावळ, खेड, आंबेगांव, जुन्नर या भागांतलीं. आणि तीं रोज सुमारें २ लाख डबे पोंचवीत. डबा एकाच माणसाच्या हातून घरापासून कचेरीपर्यंत जात नाहीं. एक जण तो घरून आणतो, स्थानकावर तो दिशेप्रमाणें निवडला जातो, लोकलमध्यें दुसऱ्याच्या हवालीं होतो, उतरल्यावर पुन्हां निवडला जातो आणि तिसरा तो इमारतींत नेतो. झांकणावरील रंग, अक्षरें आणि आंकडे पाहून कोणतें स्थानक, कोणती इमारत, कितवा मजला हें त्यांना कळतें. मोटारीच्या चालकाजवळ हें कांहींच नव्हतें. त्याच्याजवळ होतें तें इंजिन, आणि दुपारच्या गर्दींत मुंबईच्या रस्त्यावर इंजिन हें बहुधा जागच्या जागीं गुरगुरण्याचें साधन असतें. आल्बाच्या शर्यतींत जें मोटारीच्या बाजूनें होतें, तेंच येथें लोकलच्या बाजूनें होतें.

याच प्रयोगांत पुढें जॅग्वारच्या मागच्या भागावर शौचाचें भांडें बसवून हिंडविल्याबद्दल लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयानें जानेवारी २०१२ मध्यें तक्रार नोंदविली. मला स्वतःला त्यांतला विनोद फार हलका वाटला. डब्यांच्या भागांत ते स्वतःला हंसले होते आणि आपण त्यांच्याबरोबर हंसलों. भांड्याच्या भागांत ते यजमानाला हंसत होते.

माझ्या भावाचा डबा कित्येक वर्षें डबेवालाच नेत आला आहे. त्यामुळें हा भाग पाहतांना पुतण्यानें “हें खरें का?” असें एकदांहि विचारलें नाहीं. तिन्ही गाड्या गर्दींत अडकलेल्या पाहून तो फक्त एवढेंच म्हणाला, “यांच्याकडे बाबांचा डबा दिला असता, तर बाबा त्या दिवशीं उपाशीच राहिले असते ना?” मीं होय म्हटलें.