शेवाळाची मजुरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गोबरगॅसच्या शेगडीवर चहा ठेवला की आमची अम्मी आधी ज्योतीकडे बघायची. निळी असली तर खूश, मलूल असली तर म्हणायची, "आज गॅसला जोर नाही."

दोष शेगडीचा नसतो. गोबरगॅसमध्ये जळणारा मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, उलट ज्योत मंद करतो. दुसरीकडे संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. ते नाल्याला मिळालं की नाला नासतो.

शेवाळाला मात्र नेमकं हेच हवं असतं. त्यात ऊन हवं, आणि मराठवाड्यात उन्हाला काय तोटा! मंठ्याहून जवळच असलेल्या लोणार सरोवराचा हिरवा रंग पुष्कळांनी पाहिला असेल. तो रंग स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळाचा. तिथलं पाणी अल्कधर्मी आहे, आणि असं पाणी कार्बन डायऑक्साइड चांगला शोषतं. सरोवराला हात न लावता हा धडा आपल्याला घेता येतो.

उथळ तळ्यात सांडपाण्यावर शेवाळ वाढवायचं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, त्यावर पाण्यातले जिवाणू घाण पचवतात. तळ्यातलं अल्कधर्मी पाणी एका उंच नळकांड्यात वरून सोडायचं, खालून गॅस. पाणी कार्बन डायऑक्साइड घेऊन तळ्यात परततं आणि शेवाळ तो खातं. एक किलो सुकं शेवाळ तयार होताना सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो.

गॅस थेट झाकलेल्या तळ्यात मात्र सोडू नये. तिथला प्राणवायू मिथेनमध्ये मिसळतो. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला, तर स्फोटाला एक ठिणगी पुरते.

शिवाय शेवाळ रात्री काम करत नाही. आणि वेळेवर काढलं नाही, तर ते मरून कुजतं, घेतलेलं सगळं पाण्याला परत देतं. लिटरभर पाण्यात ते जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. ते गाळणं हाच खरा खर्च. म्हणून हे काम एका घरापेक्षा दूधडेअरीला किंवा गावाच्या सांडपाण्याला अधिक परवडेल. काढलेलं शेवाळ पुन्हा संयंत्रात घालावं. पाणी पिण्याचं नव्हे. तपासून शेताला द्यावं.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावानं वापरलेलं पाणी नाल्यात सोडून देणं बरं नव्हे. पण तळं खोदण्याआधी एक ठरवा: रोज शेवाळ काढणार कोण, आणि त्याची मजुरी देणार कोण?